पत्रे उडालेल्या घरांचे दावे मार्गी लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

उदगीर तालुक्यात अवकाळी वादळानं पत्रे उडाले की माणूस आधी तलाठ्याच्या पंचनाम्यामागं लागतो. पंचनामा सरकारी मदतीसाठी. विम्याचा दावा वेगळा, तो कंपनीला आपणच लगेच कळवून दावा क्रमांक घ्यायचा असतो, हे तुम्ही घरोघर जाऊन समजावलंत. घरकर्जासोबत विमाही उतरवलेला असतो आणि पॉलिसी बँकेत पडून राहते, हेसुद्धा कित्येकांना तुमच्यामुळंच कळलं. तुमचे मनापासून आभार.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते अर्जातल्या एकेका शब्दावरचं तुमचं लक्ष. नुसतं ‘छत गळतं’ लिहिलं की कंपनी ती जुनी झीज धरते, आणि झिजेची भरपाई मिळत नाही. अमुक तारखेला, अमुक वेळी वादळानं पत्रे उचकटले आणि तिथूनच पाऊस आत आला, असं तुम्ही लिहून घेतलंत. वाकलेले पत्रे भंगारात जाऊ दिले नाहीत. पत्रा अँगलला धरून ठेवणाऱ्या जे-हुकाच्या भोकापासून पत्रा चिरत गेलेला असला की वाऱ्याचा जोर सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्याला, वेगळा सांगावा लागत नाही. ताडपत्रीसाठी मात्र त्याची वाट पाहायची नाही, कारण पुढचं नुकसान टाळणं ही विमेदाराचीच जबाबदारी. आधी फोटो, मग ताडपत्री, आणि तिची पावती जपून ठेवायची.

खर्चाचा अंदाज ‘दुरुस्ती, एकूण इतके’ असा दिला की कात्री लागलीच. पत्र्यांची संख्या, लांबी, जाडी, वाकलेले अँगल, हूक-वॉशर, मजुरी असं सगळं दरासह सुटं मांडायला तुम्ही शिकवलंत. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत राडारोडा उचलायचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. तो बरेच जण मागतच नाहीत!

रक्कम कमी वाटली तर ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर, म्हणजे आता आणखी काही मागणं उरलं नाही असं मान्य करणाऱ्या कागदावर, घाईनं सही करू नका, हे तुमचं सांगणंही फार उपयोगी पडलं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडं अर्ज. तिथं फी लागत नाही.

तुम्ही करून दिलेला अर्जाचा नमुना ग्रामपंचायतीत लावला आहे.

आपले नम्र,
गावातले सगळे घरमालक