पिवळा दिवा विझला म्हणजे सेन्सर दुरुस्त झाला असे नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि. पावसाळा सुरू झाला की गॅरेजांमध्ये एक तक्रार हटकून येते. डॅशबोर्डवर तेलाच्या कॅनचा पिवळा दिवा लागतो, गाडीवाला घाबरून गॅरेज गाठतो, मेकॅनिक बॉनेट उघडून दोन-चार कपलर (तारांचे जोड) हलवतो आणि दिवा विझतो. पैसे चुकते होतात. पुढे शंभरेक किलोमीटर गाडी चालली की दिवा पुन्हा हजर. मग 'सेन्सर गेलाय' म्हणून सेन्सर बदलतात आणि कित्येकदा त्यानेही काही फरक पडत नाही. असे का होते, हे गाडीमालकांना कळावे म्हणून हे पत्र.

ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्ब, पसाट अशा स्कोडा-फोक्सवॅगन गाड्यांत बॉनेटच्या लॉकमध्ये एक स्विच असतो. तेल कमी असल्याचा इशारा आल्यावर बॉनेट उघडले, की 'मालकाने तेल टाकले असेल' असे धरून गाडी तो इशारा पुसून टाकते. तेल खरोखर टाकलेले नसेल, तर सुमारे १०० किलोमीटरनंतर दिवा पुन्हा लागतो. कंपनीच्या मालक-पुस्तिकेतच हे लिहिलेले आहे. म्हणजे दिवा विझवण्याचे काम बॉनेटने केलेले असते, मेकॅनिकने नव्हे!

दुसरा घोळ नावाचा. गॅरेजात 'ऑइल सेन्सर' हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतात. लाल दिवा लावतो तो तेलाच्या दाबाचा स्विच. तो इंजिनच्या ब्लॉकवर किंवा फिल्टरच्या हाउसिंगवर बसतो आणि तेल न काढताही बदलता येतो. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे. 'पुढच्या चौकापर्यंत जाऊ' म्हटले तर बेअरिंग जातात. पिवळा दिवा मात्र चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाशी बसवलेल्या पातळीच्या सेन्सरचा. बहुतेक छोट्या गाड्यांत हा सेन्सर नसतोच, नुसता दाबाचा स्विच असतो. त्यामुळे तिथे लाल दिवा लागतो तेव्हा पंप हवा ओढू लागलेला असतो, आणि तो पहिल्यांदा डोळा मारतो तो घाटातल्या वळणावर, तेल चेंबरच्या एका बाजूला सरकते तेव्हा.

पातळीचा सेन्सर करतो काय? फोक्सवॅगन गटाच्या जुन्या डिझेल-पेट्रोल इंजिनांत तो तापतो आणि थंड होतो. आतला बारीक घटक क्षणभर तापवला जातो आणि तो किती वेळात निवतो हे मोजले जाते. तेलात बुडालेला असेल तर साधारण २०० मिलिसेकंदांत निवतो. तेल कमी असेल तर १००० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. नव्या गाड्यांत हेच काम ध्वनिलहरींचा सेन्सर करतो. तापणाऱ्या प्रकाराची दुखणी आता सहज समजतील. ऑइल चेंज लांबवत नेले की घटकावर काळा चिकट थर बसतो, तो उशिरा निवतो आणि तेल पुरेसे असूनही गाडी 'कमी आहे' म्हणून ओरडते. ही एक गोष्ट. दुसरी जास्त आढळणारी: सर्व्हिसिंगनंतर खालचे प्लॅस्टिकचे कव्हर परत लावलेलेच नसते, किंवा त्याचे निम्मे स्क्रू हरवलेले असतात. मग चिखलाचे पाणी थेट कपलरवर उडते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. स्पीडब्रेकरवर चेंबर आपटून सेन्सरचे प्लॅस्टिक तडकते, ते वेगळेच.

म्हणून सेन्सर बदलण्याआधी तीन तपासण्या करून घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, गरम इंजिन बंद करून निदान पाच मिनिटे थांबा आणि डिपस्टिक पुसून दोनदा पाहा. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पिवळा दिवा दिसला म्हणून डिपस्टिक न पाहता लिटरभर तेल ओतणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. जास्तीचे तेल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते, सीलमधून वाट काढते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्या फक्त शहरात चालत असतील तर तेलात डिझेल उतरून पातळी वाढलेलीही सापडते; तिथे तेल ओतणे म्हणजे दुखणे वाढवणेच. मग गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. फोक्सवॅगन गटातल्या अनेक मॉडेलांत पातळी-तापमान सेन्सरचा, म्हणजे जी-२६६ चा, दोष ००५६२ या क्रमांकाने दिसतो. पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे नाही, कोडला तार आणि सेन्सर यातला फरक कळत नाही. कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून मल्टिमीटर लावा. तीन पिनांपैकी एकीवर बॅटरीचा १२ व्होल्ट आणि एकीवर अर्थिंग मिळालेच पाहिजे. तिसरी सिग्नलची, ती डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत अखंड जाते का ते पाहा. १२ व्होल्टच नसेल तर आधी फ्यूज. पिना हिरव्या झालेल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन दिवस गाडी चालवून बघा. कपलरच्या आत तेल पाझरलेले दिसले, तर मात्र पुढे तपासण्यासारखे काही नाही, सेन्सर बदलावाच लागतो.

बदलण्याचे काम तासाभराचे आहे, पण सेन्सर तेलाच्या पातळीखाली असल्यामुळे चेंबर रिकामा करावाच लागतो. म्हणून ऑइल चेंज जवळ आला असेल तर दोन्ही एकदमच करणे शहाणपणाचे. दोन लिटरच्या डिझेल इंजिनात साधारण ४.३ लिटर तेल बसते. नवा सेन्सर, त्याचे गॅस्केट किंवा ओ-रिंग, ड्रेन बोल्ट वॉशरसह, फिल्टर आणि गाडीला सांगितलेल्या दर्जाचे तेल एवढे हाताशी असू द्या. नव्या-जुन्या सेन्सरचा पार्ट नंबर आणि उंची शेजारी ठेवून जुळवा. तीन भोके जुळतात म्हणून दुसऱ्या चेंबरचा सेन्सर बसतो खरा, पण मोजतो चुकीचे.

तेल कोमट असताना सोडा, पंधरा-वीस मिनिटे निथळू द्या. कपलर काढताना त्याची लॉकची जीभ दाबूनच ओढा. तीन एम-६ बोल्ट किंवा नट काढले की सेन्सरच्या पोटातले उरलेले तेल भसकन खाली येते, ट्रे आधीच धरलेला बरा. बसण्याची जागा कापडाने पुसा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तिथे पत्र्याची पट्टी घासू नका. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नका आणि वरून सिलिकॉनही फासू नका. दाबले गेलेले सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबते, तुटते आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. ठिबक थांबवण्यासाठी केलेली ही 'काळजी' इंजिन जाम करू शकते.

खरी कसोटी बोल्ट आवळताना लागते. तिन्ही आधी हाताने, मग आळीपाळीने, शेवटी ९-१० न्यूटन-मीटर इतकाच पीळ. छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालावी लागते आणि त्या कामातला धातूचा कीस आत पडू नये म्हणून चेंबर उतरवावा लागतो. ड्रेन बोल्टला ३० न्यूटन-मीटर पुरे.

तेल भरताना आधी साडेतीन लिटरच ओता. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन मिनिटांनी बंद करा, थांबा, डिपस्टिक बघत थोडे थोडे तेल वाढवा. सेन्सरभोवती कोरडा कागद फिरवून ठिबक तपासा, कोड पुसा, खालचे कव्हर सगळ्या स्क्रूंसह लावा.

बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांना डिपस्टिकच नाही. तिथे सेन्सर बिघडला की पातळी बघायला दुसरी सोय उरत नाही. सगळे तेल काढून मोजून भरणे हाच मार्ग. एन-५२ या सहा सिलिंडरच्या इंजिनात फिल्टरसह ६.५ लिटर.

वाचकांना विनंती एवढीच, की बिलावर 'ऑइल सेन्सर' असे मोघम लिहू देऊ नका. पातळीचा की दाबाचा, पार्ट नंबर कोणता आणि मल्टिमीटरवर किती व्होल्ट मिळाले, एवढे लिहून घ्या, जुना सेन्सर परत मागा आणि गाडी ताब्यात घेण्याआधी डिपस्टिक स्वतः बघा. काढलेले तेल गटारात ओतणाऱ्या गॅरेजवाल्यालाही टोकायला हरकत नाही. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, पिंपरी-चिंचवड