फोटोतला ससा झोपलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एकाच गादीवर मांजर आणि ससा असा फोटो आला होता. खाली ओळ होती, ‘वैर विसरून गाढ झोपलेले दोस्त’. फोटो कुणा वाचकाने हौसेने पाठवलेला, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यातलं मांजर झोपलं होतं, ससा झोपला नव्हता. कान पाठीला चिकटलेले, अंग गादीत दाबलेलं आणि डोळे एवढे ताणलेले की कडेचा पांढरा भाग दिसत होता. पळायला वाट नसली की घाबरलेला ससा असाच निपचित बसून राहतो. निवांत ससा मागचे पाय लांब सोडून पसरतो. कधी तर उभ्या उभ्या धाडकन कुशीवर पडतो आणि नवख्या माणसाला वाटतं, गेला बिचारा!

इंदिरानगरमधल्या माझ्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोनी आणि बंडू ही दोन मांजरं, चिवडा आणि शेव ही सशांची जोडी, शिवाय दिवसभर फॉल-पिकोला येणाऱ्या बायका, असा सगळा कारभार आहे. पिंजरा कुणालाच नाही. साडी टाकायला आलेली प्रत्येकजण विचारतेच, “काकू, मांजर खात नाही का हो सशाला?” मी सांगते, खाता येऊ नये असं घर लावलंय, मांजराच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नाही.

घर लावलंय म्हणजे, जमीन सशांची आणि उंची मांजरांची. बंडू कपाटावरून खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून फ्रिजवर आणि फ्रिजवरून माळ्यावर जातो. दुपारभर त्याचा पाय फरशीला लागत नाही. मांजरांच्या वाट्याही ओट्याच्या टोकाला. कारण ससा मांजराचं खाणं आवडीने खातो आणि ते मांसाचं खाणं त्याच्या पोटाला झेपत नाही. सशाला उलटी करता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एकदा पोटात गेलं ते गेलं.

सशांचं राज्य हॉलमधल्या दिवाणाखाली. दिवाण भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी मोकळा ठेवलाय. दोन तोंडं हवीतच. एकाच तोंडाचं खोकं ठेवलं आणि त्या तोंडाशी मांजर येऊन बसलं, की लपायची जागा म्हणजेच सापळा. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्यात, कारण सशाच्या तळपायाला मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. ऐन वेळी पळायचं आणि पाय घसरायचे, असं व्हायला नको.

शी-शूची सोयही वेगवेगळी. मांजरांच्या ट्रेमधली, ओली झाली की गोळा होणारी माती सशाने खाल्ली तर आतडं तुंबू शकतं. म्हणून तो ट्रे ड्राय बाल्कनीत उंच टेबलावर. सशांच्या ट्रेमध्ये खाली वर्तमानपत्र (तुमचाच अंक, राग मानू नका) आणि वर सुकं गवत. ससा गवत खाता खाताच तिथे लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याला वळण लावणं सोपं. अडचण एवढीच, की गवत सोनीलाही आवडतं. ती त्यात ऐसपैस बसते आणि ससे बाहेर ताटकळतात. यावर उपाय म्हणून मी गवताचा दुसरा ट्रे ठेवला. मोठ्या सशाच्या पोटात मुख्यतः गवतच जायला हवं, गाजर चाखण्यापुरतं. कोथिंबिरीचे भाव पडले की आमच्याकडे चैन असते, पण तीही गवतानंतर. द्राक्षांच्या हंगामात लोक प्रेमाने घड आणून देतात, ते आम्ही माणसंच संपवतो.

मशीनच्या खोलीत चौघांनाही बंदी. मांजराने दोरा गिळला तर आतडी गोळा होऊन अडकतात. टोक तोंडातून लोंबत असलं तरी ते ओढायचं नसतं, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. आणि मशीनच्या मोटरची वायर सशाला कोवळ्या फांदीसारखी. माझ्याकडे कुणाची पैठणी असते, कुणाच्या लग्नातला शालू असतो. काठ कुरतडलेला शालू परत करायची माझी छाती नाही.

आता मैत्रीबद्दल. मांजर म्हणजे सगळी एकच, असं समजू नये. बंडू आळशी आणि भित्रा. उलट चिवडाच त्याच्या मागे लागायचा. वयात आल्यावर तो बंडूभोवती गोल गोल फेऱ्या मारायचा, अंगावर चढायचा आणि बंडू माळ्यावर जाऊन रडायचा. दोन्ही सशांची नसबंदी केली तेव्हा हे थांबलं. ती तशीही करावीच लागते, कारण सशीण महिन्याभरात विते आणि वितल्या वितल्या पुन्हा गाभण राहू शकते. सोनीचं तसं नाही. ती पारवा धरून आणणारी बाई. शेव हॉलमधून टुणटुणत गेली की सोनीच्या शेपटीचं फक्त टोक हलतं. तेवढं हललं की मी कात्री खाली ठेवते. सुरुवातीला मी एकाच्या अंगावरून फिरवलेल्या चिंध्या दुसऱ्याच्या जागेत ठेवत होते, मग पुष्कळ दिवस मधलं जाळीचं दार लावून एकमेकांना नुसतं बघू दिलं. तरीही आजतागायत मी बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर निघाले की जाळीचं दार बंद होतं. रात्रीही बंद. पहाट आणि तिन्हीसांज या दोन वेळा मांजरालाही उधाण येतं आणि सशालाही; नेमकी तेव्हा आपल्याकडे चहा नाहीतर दिवाबत्तीची गडबड असते. लक्ष ठेवायचं ते या वेळी.

“पण आमचं मांजर नुसतं खेळतं हो, चावत नाही,” असं सांगणारे भेटतात. मांजराच्या तोंडात आणि नखांत पाश्चुरेला नावाचा जंतू असतो. ओरखडा केसांखाली दिसतही नाही आणि आत पू होतो. सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. बहुतेक वेळा कापूनच काढावा लागतो. ओरखडाही नको, नुसत्या धास्तीने ससा खाणं सोडतो. अर्धा दिवस सशाने काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर उद्या बघू म्हणून चालत नाही. आतड्याची हालचालच बंद पडते आणि जीव जातो. फोटोतल्या त्या सशाला पाहून मला आधी हेच वाटलं, की याने त्या दिवशी गवताला तोंड लावलं असेल का?

आणखी एक. पिसवांसाठी मांजराच्या मानेवर जे थेंब सोडतात, त्यातल्या काही औषधांत फिप्रोनिल असतं. मांजराला ते चालतं, सशाला विषासारखं. थेंब सोडल्यावर अंग पुरतं वाळेपर्यंत बंडूला मी सशांजवळ फिरकू देत नाही, कारण शेव त्याची मान चाटते. दुकानात याबद्दल मला कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिथे ससा विकत मिळतो, शेजारच्या फळीवर हे थेंबही मिळतात.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मुलांच्या हट्टापायी पुष्कळ घरांत ससे येतात, त्यात मांजर आधीपासून असलेली घरंही असतात. असे फोटो जरूर छापा, पण त्याआधी सशाचं तोंड नीट बघणाऱ्या कुणाला तरी ते दाखवा. आणि पुरवणीत एकदा नाशिकमधल्या ससे तपासणाऱ्या डॉक्टरांची यादी द्या. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरात आहेत, ससा टेबलावर ठेवला की काही जण अंदाजाने चालतात. यादी करताना तुमच्या प्रतिनिधीने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवता का? मांजराला उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. सशाला उलटीच होत नाही आणि उपास मात्र त्याच्या जिवावर बेततो. जे ‘हो, आदल्या रात्रीपासून’ म्हणतील, त्यांचं नाव यादीत घेऊ नये.

आपली नियमित वाचक,
फॉल-पिकोवाल्या काकू,
इंदिरानगर, नाशिक