पारसनीस, पेणकर आणि सोमवारचा कागद

प्रिय शिऱ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच. आईचा गुडघा बरा आहे, मीही बरा. पण परवा जे झालं ते तुझ्यावाचून कुणाला सांगू?

ऑफिसात आडनावावरून मूळ भाषा ओळखणारा प्रोग्राम बनवतोय. तो आडनावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतो, कुठला तुकडा कुठल्या भाषेच्या यादीत किती वेळा येतो ते मोजतो आणि कौल देतो. मी 'पारसनीस' टाकलं. कौल आला, मराठी! यादीत फडणीस, चिटणीस मराठी म्हणूनच बसलेत, मग 'नीस' दुसरीकडे जाईल कुठे? पण हा 'नीस' आला 'नवीस'वरून, म्हणजे लिहिणारा, शब्द फारसी. आणि पारसनीस तर फारसी पत्रव्यवहारच सांभाळायचे. आडनाव मराठी की फारसी, याच्यावरून होस्टेलच्या गच्चीवर भांडून तू आठवडाभर बोलला नव्हतास. १६७४ च्या राज्याभिषेकात फारसी मुजुमदाराचा संस्कृत अमात्य झाला, तरी आडनाव मुजुमदारच राहिलं, हा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण मशीनचं मत तुला. पेढे काढ!

खरी काळजी पुढेच आहे. साहेबांना आता भाषेशेजारी 'समाज' असा रकाना हवाय. मी 'पेणकर' टाकलं, तर मराठी, हिंदू. शिऱ्या, आपला डॅनी पेणकर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू! त्याच्या आईने मालिद्याच्या ताटातले गोड पोहे, वर ओलं खोबरं आणि केळ्याचे काप, हातावर ठेवले होते. 'कर' फार तर गाव सांगतो. घरात शनिवार पाळतात की एकादशी, हे त्यातून कसं कळणार? डिसूझावर पोर्तुगीज शिक्का बसला, आणि आपल्या मोनू डिसूझाची आजी तर कोकणीशिवाय बोलायचीच नाही. यादीत कुणी जे लिहून ठेवलं, तेच मशीन ठामपणे परत सांगतं. उद्या हा रकाना बघून कुणी डॅनीला खोली नाकारली तर? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

रकाना काढा, असं सोमवारी लेखी देणार आहे. मसुदा सोबत ठेवलाय. तुझं मराठी नेटकं, लाल पेन घेऊन बस. कुठे मऊ पडलो असेन तर खोड.

नव्या घराचं अभिनंदन, वास्तुशांतीला आलो नाही म्हणून रागावू नकोस. चिमीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. रविवारी सकाळी फोन करतो, उचल.

तुझा,
मन्या