भीमेचा बुडालेला डोह दाखवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

पुढच्या महिन्यात मी नोकरीतून निवृत्त होत आहे. गोड्या पाण्यातील प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, आयुष्यभर काम केले म्हणून सहकाऱ्यांनी सत्कार ठरवला आहे, आणि त्या निमित्ताने जुन्या नोंदवह्या चाळताना पहिल्याच वहीत, पेन्सिलीने उतरवून ठेवलेले तुमचे एक वाक्य सापडले: "काठाचं पाणी घिऊन धरणाचं सांगू नका." माझ्या एकाही शोधनिबंधात तुमचे आभार मानलेले नाहीत. ही चूक माझी आहे आणि ती सत्काराच्या भाषणातील एखाद्या वाक्याने भरून निघणार नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

तेव्हा मी पळसदेवच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभी राहून नमुने घेत असे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात येणारी हिरवी साय म्हणजे बहुतांशी मायक्रोसिस्टिस हे नीलहरित शैवाल. त्याच्या पेशींत वायूच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की ते वर तरंगते, आणि वारा सुटला की लोटत लोटत काठाला येऊन साचते. काठावरच्या बाटलीत धरणभरचे शैवाल गोळा झालेले असायचे आणि मी ते धरणाचे सर्वसाधारण पाणी समजून मोजत होते. तुम्ही चार दिवस नुसते पाहिलेत, पाचव्या दिवशी होडीत बसायला सांगितलेत.

1980 साली धरण पुरे झाले आणि तुमचे जुने गाव पाण्याखाली गेले. पण भीमेचे पात्र कुठून कुठे वळत होते, डोह कुठे होता, हे तुमच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. काठावरची दोन झाडे एका रेषेत आणून तुम्ही वल्हे थांबवलेत आणि म्हणालात, "हितं नदी हुती. हितलं पानी उन्हाळ्यातबी तुटत न्हाई." त्या मे महिन्यात पाणी ओसरून पळसनाथाचे मंदिर उघडे पडले, माझ्या काठावरच्या जागी भेगाळलेला गाळ उरला, आणि डोहात मात्र पाणी होते. वर्षाचे बाराही महिने एकाच जागेच्या अखंड नोंदी मला मिळाल्या त्या यामुळे.

रात्रीच्या नमुन्यांचेही तसेच. अंधार पडला की बारीक मासळी वर येते, हे तुम्हाला जाळ्यावरून ठाऊक होते. प्राणिप्लवकांतील कितीतरी जाती दिवसा माशांच्या नजरेपासून दूर खाली राहतात आणि रात्री वर चढतात, हे मी वाचले होते, पण रात्री धरणावर जायला माझ्यासोबत कोणी नव्हते. तुम्ही आलात. दर मीटरला गाठ आणि पाचव्या गाठीला लाल चिंधी बांधलेला तुमचा दोर अंधारातही बोटांना समजत असे. पहाटे जाळी वर आली की तिच्या तळाच्या बाटलीत सायक्लॉप्स हे बारीक प्राणिप्लवक झटके देत फिरताना कंदिलाच्या उजेडात दिसत.

त्या डोहाच्या पंधरवड्यागणिक घेतलेल्या नमुन्यांत मला ब्रॅकिओनस हा चक्रधर प्राणी सापडला, मिलिमीटरच्या चौथाई भागाएवढा. त्याला खाणारा अॅस्प्लँक्ना पाण्यात वाढला की त्याच्यापासून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यामुळे ब्रॅकिओनसची पुढची पिढी लांब काटे घेऊन जन्मते. आईला लांब काटे येत नाहीत, लेकींना येतात. जॉन गिल्बर्ट यांनी 1966 साली हे प्रयोगाने दाखवले होते. आपल्या भीमेच्या पाण्यात आखूड काट्यांचे आणि लांब काट्यांचे प्राणी एकाच काचपट्टीवर शेजारी शेजारी पाहिले, त्या संध्याकाळी मला घरी जावेसे वाटले नाही. पुढची सगळी वर्षे मी या कामात राहिले, त्याचे मूळ त्या संध्याकाळीत आहे, आणि ती संध्याकाळ तुमच्या होडीतून आली होती.

तुम्ही एकदा विचारले होते, "ताई, एवढ्याशा बाटलीत बघता तरी काय?" मी घाईत होते आणि "नंतर सांगते" म्हणाले. ते नंतर आजवर आले नाही.

येत्या मे महिन्यात मंदिर उघडे पडले की मी सूक्ष्मदर्शक घेऊन तुमच्या अंगणात येते. होडी नातवाला वल्हवू द्या, तुम्ही फक्त झाडांची रेषा दाखवा. पाणी डोहातलेच घेऊ.

आपली कृतज्ञ,
बाटलीवाल्या ताई