आईच्या उशीवर डोकं ठेवून पाहणाऱ्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच हात जोडून सांगितलंत, "नाव नका टाकू, अर्धं अमळनेर फुकट मोजमापाला बोलवील." म्हणून नुसतं भाऊ. तुम्ही वाचाल तेव्हा ओळखालच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीपासून आमच्या घरी एका खिडकीवरून रामायण चाललं होतं. आईची खोली पश्चिमेला. चैत्रात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, तो ती दर दहा मिनिटांनी काढून ठेवायची. दुपारी साडेतीननंतर ऊन थेट खाटेवर. खाट हलवावी तर एकीकडे कूलर, दुसरीकडे दार. पडदा होता, पण आमच्या वैशाखातल्या उन्हापुढे त्या पडद्याची काय टाप!

तुमच्याआधी खिडकीला ब्लाइंड, म्हणजे गुंडाळून वर घ्यायचा कापडी पडदा, बसवायला जे येऊन गेले त्यांच्याबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं दुकान. काचेचं दार, आत एसी, कापडाच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक. "ब्लॅकआउट आहे सर, शंभर टक्के अंधार." त्यांचा माणूस आला, खिडकीची रुंदी वरच्या बाजूला एकदा मोजली, मोबाइलवर बोलत बोलतच आकडा लिहिला आणि गेला. घर माझ्या आजोबांनी बांधलेलं, त्यात काटकोन शोधून सापडायचा नाही. ब्लाइंड आला तो चौकटीत बसेचना. मग त्यांनी तो वर भिंतीवर ठोकला. चौथ्या दिवशी दुपारी स्क्रू-गिट्ट्यांसकट, प्लास्टरचा पोपडा घेऊन तो खाली आला. आईच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. फोन केला तर म्हणे, "तुमची भिंतच पोकळ आहे." पुढचे फोन कुणी उचलले नाहीत. आगाऊ दिलेल्या पैशांचं तर नावच नको. आईने जुनं लुगडं काढलं, दोन खिळे मारायला लावले आणि म्हणाली, जाऊ दे.

तुम्ही आलात सकाळी अकराला. खिडकी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजलीत. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलंत, पडलेले स्क्रू हातात घेतलेत आणि एवढंच म्हणालात, "भिंत चांगली आहे. हे विटेपर्यंत गेलेच नव्हते." महिनाभर मी स्वतःच्या घराला शिव्या घालत होतो, तेवढ्यात ते प्रकरण मिटलं. मग म्हणालात, आता नाही बसवत, ऊन येईल तेव्हा येतो. खरं सांगतो, मला वाटलं, गेला हाही.

पण साडेचारला तुम्ही दारात. बाहेर ४४ अंश. यात्रेच्या दिवसांत बोरी नदीच्या वाळवंटात जशी तापलेली हवा थरथरते तशी आमच्या गल्लीत थरथरत होती. पाणी प्यालात आणि आईपाशी जाऊन विचारलंत, "माय, मी आठे घडीभर आडा पडू का?"

आई आधी बघतच राहिली. मग सरकली. "पड ना भो."

चपला बाहेर काढलेल्याच होत्या. तुम्ही तिच्या खाटेवर आडवे झालात, तिच्या उशीवर डोकं टेकवलंत. मला म्हणालात, हे नवं कापड चौकटीच्या आत धरा. मी धरलं. दोन्ही कडांना जेमतेम बोटभर फट राहिली. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली आणि सरळ तुमच्या उजव्या डोळ्यावर पडली. तुम्ही डोळा मिटलात आणि म्हणालात, "डोयामाच जाई राह्यनं ना ऊन!"

आई हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू! "मी हाईच सांगस," म्हणाली.

भाऊ, ती तेच सांगत होती. पडदा होता तेव्हाही, लुगडं लावलं तेव्हाही. मी ऐकत होतो आणि चष्मा लाव म्हणत होतो. साने गुरुजींनी शिकवलं त्या गावचे आम्ही, आईवर भाषणं ठोकायला आम्हाला सांगावं लागत नाही. पण तिच्या उशीवरून खिडकी कशी दिसते ते बघायला मला चार पावलं जमली नाहीत, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलंत.

मग ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त ठेवून बसवलात. कापड जास्त लागलं, तुमचा हिशेब वाढला, म्हणून आधी विचारलंत. ब्लाइंड वर-खाली करायची चेन उजवीकडे असते म्हणतात. तुम्ही डावीकडे घेतलीत, कारण आईचा हात तिकडे पोचतो. आमची नात दोन वर्षांची आहे हे कळल्यावर चेनचं खालचं टोक भिंतीला अडकवून ती ताठ केलीत. लोंबकळत्या चेनचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसून जीव गेलेत, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या दुकानाच्या पुस्तकात कापडाचे छत्तीस रंग होते, पण ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणी सांगितली नाही. ड्रिलच्या आधी आईला ओट्यावर बसवलंत, आणि विटेची भुकटी ओल्या फडक्याने पुसेपर्यंत आत येऊ दिलं नाहीत. डोळा नवा आहे म्हणालात.

जाता जाता स्वतःच्याच धंद्यावर पाणी ओतलंत तेही लिहितो. "ब्लाइंडने उजेड थांबेल, उकाडा पुरता नाही थांबणार. काच तापली की गरमी आत आलीच. बाहेरून बांबूची चिक सोडा, याच्यापेक्षा स्वस्त पडेल." आमच्या लहानपणी वाळ्याचे तट्टे बाहेरूनच लावायचे आणि त्यावर पाणी मारायचे, ते आठवलं. चिक आणली. तुमच्याकडे मिळत नाही म्हणून दुसऱ्याकडून आणली, राग मानू नका.

आता आई दिवसातून वीसदा ब्लाइंड वर-खाली करते. गरज नसते, तरी करते. पाच वाजता थोडा वर घेऊन गल्लीत कोण कोण चाललंय ते बघते, ऊन आलं की खाली. आम्हाला कुणाला हात लावू देत नाही. काळा चष्मा कपाटात गेलाय.

चेनच्या पट्टीचे आणि जादा स्क्रूचे पैसे तुम्ही बिलात धरले नव्हते, ते मला नंतर कळलं. विचारलं तर फोनवर नुसते हसलात. आईने त्यावर परस्पर निर्णय घेऊन टाकलाय. यंदाचे बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळले, त्यातला एक डबा तिने बाजूला काढून कपाटावर ठेवलाय आणि त्याला नातीलाही हात लावू देत नाही. रोज संध्याकाळी विचारते, "तो पोऱ्या उना नही का अजून?"

तेव्हा या गल्लीत काम निघालं की या. नाही निघालं तरी या. साडेचारनंतर या, तेव्हा ती जागी असते.

तुमचा,
पश्चिमेच्या खिडकीवाला