सभेच्या आधी

बंगळूर, बुधवार

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले, की वरच्या मजल्यावरची रूम भय्याला भाड्याने द्यायची नाही असा ठराव सोसायटीच्या सभेत येतोय, आणि सेक्रेटरी म्हणून पहिली सही त्यांची. मी तेव्हा विषय बदलला. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. भोंगा बंद झाल्यावरही तुम्ही पहिल्या पाळीच्या वेळेला उठून अंधारात बसून राहायचात. मी गोधडीतून बघायचे. मग लालबागची खोली गेली, आपण बदलापूरला आलो. घरासाठी म्हाडाकडे दीड लाखांहून जास्त गिरणी कामगारांचे अर्ज आले, त्यातला एक तुमचा. त्याची पावती तुम्ही अजून पाकिटात घेऊन फिरता.

पण हे केलं कोणी, बाबा? 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये तो नियम बदलला. फक्त मोकळ्या जमिनीचे वाटे धरायचे असं ठरलं, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. कामगारांच्या घरांना जागा उरली ती चतकोर. त्यातल्या एकाही कागदावर भाजीवाल्या भय्याची सही नव्हती. सह्या करणारे आपल्याच भाषेत आपल्याकडे मतं मागायला यायचे. त्यांच्यापर्यंत आपला आवाज पोचला नाही. भय्या दारात उभा होता, म्हणून त्याच्यावर ओरडता आलं.

आई, संपात आपल्याकडे दूध कोण घालत होतं, सांग बाबांना. दाराच्या आतल्या बाजूला तू खडूने रेघा ओढायचीस. त्या रेघा पार कडीपर्यंत पोचल्या, तरी जौनपूरच्या काकांनी एक दिवस दूध चुकवलं नाही. त्यांचा भाऊ बाबांच्याच साचाखात्यात होता. तोही संपात होता, त्याचंही घर उपाशी होतं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण इथे आले त्या वर्षी घर शोधताना एका घरमालकाने फोनवर माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "नॉर्थवाल्यांना देत नाही." मी म्हटलं, मी महाराष्ट्राची. म्हणाला, एकच ते. रस्त्यातच रडू आलं मला. पुढे खालच्या किराणावाल्या अक्कांनी मला कन्नड शिकवलं, रोज एक वाक्य, पैसे देताना. आता मला त्या घरमालकाची भीतीही कळते. आपल्याच शहरात आपली भाषा दुकानात चालेनाशी झाली की माणूस कासावीस होतो. पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं म्हणून इथे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा मला तुम्हीच आठवलात. ती मागणी मला पटते. मराठीचीही पटते. नव्या भाडेकरूला हक्काने सांगा, मुलांना मराठी शिकवा म्हणून. आईच शिकवेल. पण जिन्यावरूनच माघारी पाठवलं तर तो शिकणार कुठून?

आणि 2012 चा ऑगस्ट मी विसरू शकत नाही. आसाममध्ये कोक्राझारकडे दंगल झाली आणि इथे मोबाईलवर अफवा सुटली, की ईशान्येकडच्या लोकांना मारणार. पुण्यातूनही मुलं निघाली होती. आमच्या इमारतीचा आसामी वॉचमन संध्याकाळी वर आला, पाण्याच्या पंपाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "दीदी, टाकी सकाळी सहाला भरा." पाठीवर एक सॅक, बस. गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने एका वेळी पाचच्या वर एसएमएस पाठवायला बंदी घातली, पण तोवर हजारो लोक गेले होते. आमचा वॉचमन परत आला नाही. त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं. आपलं इथे कोणी नाही, एवढं त्याला वाटलं आणि ते पुरलं. बाबा, तुमच्या ठरावाने त्या भाडेकरूच्या बायकोला नेमकं हेच वाटेल.

मी शुक्रवारी रात्री उद्यान एक्स्प्रेसने निघतेय, शनिवारी संध्याकाळी कल्याणला उतरेन. न्यायला येऊ नका, लोकलने येते. सभा रविवारी आहे, तोवर सही करू नका एवढं ऐका माझं. आईसाठी मैसूरपाक आणतेय, पण साखर तपासून मगच द्यायचा. आणि बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीत जौनपूरच्या काकांचं पोस्टकार्ड होतं, गावी गेल्यावर त्यांनी पाठवलेलं. सापडलं तर काढून ठेवा.

तुमची,
बाय