पंखा बंद केल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फ्रेंच संगीतकार हेक्टर बर्लिओझ यांच्या ‘रेक्विएम’चे, म्हणजे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासंगीताचे, वाद्यवृंद-संचालक कॉलिन डेव्हिस यांनी १९६९ साली केलेले ध्वनिमुद्रण तुम्ही मला पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकवलेत. समोर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

ही रचना त्याआधी माझ्या कानांवर पडलीच नव्हती असे नाही. ध्वनियंत्रणांच्या एका महागड्या दुकानात विक्रेत्याने त्यातली पितळी वाद्ये तेवढी दणक्यात ऐकवली आणि टिंपनींचा (मोठ्या नगाऱ्यांचा) गडगडाट ओसरण्याआधीच स्पीकरची किंमत सांगितली. पुढे एका जाणकार मंडळात मी चौकशी केली, तेव्हा ‘आधी काहीतरी सोपे ऐका’ असा सल्ला मिळाला. सोपे म्हणजे काय, हे सांगण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

तुमच्याकडे तो गडगडाटही ऐकला. १८३७ साली पॅरिसच्या अँव्हालीद चर्चमध्ये पहिल्या प्रयोगाला जमलेल्यांवर चार दिशांनी पितळी वाद्यांचे चार ताफे आणि सोळा टिंपनी कशा कोसळल्या असतील, याची कल्पना हे ध्वनिमुद्रण जिथे झाले त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलच्या घुमटांखाली रेंगाळणाऱ्या त्या नादावरून येते. पण माझ्या मनात घर करून राहिला तो या रचनेतला ‘होस्तियास’ हा भाग. तो भाग सुरू होण्याआधी तुम्ही काही न बोलता उठलात आणि भर मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद केलात. पुरुषांचे समूहगान थांबले, तुम्ही एक बोट छताकडे आणि मग जमिनीकडे दाखवलेत, आणि मला ऐकू आले: वर तीन बासऱ्या, खाली आठ ट्रॉम्बोनांचा (लांब नळीच्या पितळी वाद्यांचा) तळाचा खर्ज, आणि मधली सगळी जागा रिकामी. पंख्याच्या घरघरीत तो खर्ज बुडाला असता आणि नुसत्या बासऱ्या ऐकून मी समाधानाने घरी गेलो असतो. कपाळावरचा घाम पंच्याने टिपत तुम्ही तो भाग संपेपर्यंत तसेच बसून राहिलात.

नवख्या माणसाला त्याचे अज्ञान जाणवू न देता ऐकण्याची वाट मोकळी करून देणे, हा मोठेपणा विद्वत्तेहून दुर्मीळ आहे. तुम्ही मला ना तारखा पाठ म्हणून दाखवल्यात, ना ‘आवडले का?’ असे विचारलेत. सभ्यता म्हणतात ती बहुधा अशीच असते. ती करणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही आणि ज्याच्यासाठी केली तो मात्र ती विसरू शकत नाही.

‘सांक्तुस’ या भागात एकल गायक रोनाल्ड डाउड यांचा आवाज वरच्या स्वरांत काहीसा ताणलेला वाटतो, हे माझे मत मात्र तुमच्या नापसंतीनंतरही कायम आहे, आणि त्यावर वाद घालायला मी येत्या रविवारी पुन्हा येणार आहे.

आपला कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरचा शेजारी